पाण्याची जाग

खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या आमच्या घरात गजराचं घड्याळ कधी आलंच नाही, कारण घरात नाखवाकाका होते. स्वतःची होडी घेऊन मासेमारीला जाणारे माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ भरतीच्या आधी आपोआप जागे व्हायचे, मग ती रात्री दोनला असो की पहाटे पाचला. "गजर तुमाला लागतो, मना पानी उठवतं," असं ऐटीत सांगायचे.

भरतीची वेळ काढायची त्यांची रीत सोपी. बोटांच्या पेरांवर तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. मोबाइलवर वेळ बघणारी पोरंही जाताजाता त्यांना विचारून खात्री करून घ्यायची.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी होडी विकली, तरी उठणं सुरूच राहिलं. आम्ही म्हणालो, जित्याची खोड. पुढे ते रात्रीतून तीनतीनदा उठू लागले आणि भर सकाळी जाळं विणताना सुई हातात धरून पेंगू लागले. मी चेष्टा करायचो, "काका, काल दर्याला किती वेळा भरती आली?" पूर्वी असल्या बोलण्यावर ते खो खो हसले असते. आता नुसते बघत राहायचे. तेव्हाच कळायला हवं होतं, ही टोचणी मला अजून आहे.

एका एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाता खाता ते म्हणाले, "आज पुनव हाय." मला वाटलं, गंमत करताहेत. दुपारी घरात दिसेनात म्हणून शोधाशोध झाली. ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीत ते कंबरेएवढ्या चिखलात रुतले होते आणि होडीसाठी ओरडत होते, "होरी आना रं, पानी भरलंय!" चौघांनी फळ्या टाकून त्यांना बाहेर ओढलं.

डॉक्टरांनी विचारलं, "विसरण्याचा हा आजार बरेचदा झोपेपासून सुरू होतो. यांची झोप कधीपासून मोडते?"

काकी अभिमानाने म्हणाली, "पयल्यापासूनच. दर्याचा मानूस हाय ना!"

डॉक्टर लिहायचे थांबले. नेमकं कधीपासून, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना.

वर्षभराने काका गेले. शेवटी शेवटी काकीलाही ओळखत नव्हते, डोळे मात्र रात्रभर टक्क उघडे.

मी बेलापूरच्या एका कचेरीत फायली सांभाळून निवृत्त झालो. होडी कधी चालवली नाही. तरी महिनाभरापासून मला पहाटे तीनला जाग येते. बायको कौतुकाने म्हणते, "अगदी काकांवर गेलात." आज पहाटेही म्हणाली. मी अंथरुणातच बोटांची पेरं धरून तिथी मोजू लागलो. सप्तमीपर्यंत आलो, पुढची सापडेना, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.