शेवंतीचा काढा

सांगलीहून निघताना बाबांनी माझी बॅग टॅक्सीत ठेवली आणि हळूच म्हणाले, "नाही पटलं तर परत ये. लाजू नकोस." नव्वदच्या दशकातली गोष्ट. विलास शारजात राहायचा, दुबईच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. लग्नानंतर माझा व्हिसा आला तशी मी निघाले.

काही वर्षं छान गेली. मग संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्याला कडेच्या गाड्या दिसेनात. पार्किंगमधल्या खांबांना तो धडकायचा. दूरच्या अल ऐन शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा कडेकडून निकामी होतोय, आजार आनुवंशिक आहे, औषध नाही.

हे ऐकून गप्प बसणारी मी नव्हते. शारजाच्या रोल्ला बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक चिनी वैद्यबाई बसत. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मोडक्या इंग्रजीत बजावलं, गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकली तर टिकेल. पुडीत मुळ्या, साली, मनुकांसारखी लाल फळं आणि वाळलेली शेवंती. हारात ओवायची फुलं मी पातेल्यात उकळू लागले. वास साऱ्या मजल्यावर जायचा. आमची रुचा "ममा, इट स्टिंक्स" म्हणत खिडक्या उघडायची. विलास एक घोट चुकवत नसे. सासूबाई फोनवर म्हणत, "काढाच आहे, घेऊ दे."

पुढच्या तपासणीत नजरेचं वर्तुळ आणखी आवळलं होतं, आणि लिव्हरचा रिपोर्ट बिघडला होता. डॉक्टरांनी काढा थांबवायला सांगितलं. तो रिपोर्ट घेऊन मी तणतणत रोल्लात गेले. वैद्यबाईंनी तो नीट वाचला आणि बांधायला घेतलेली पुडी खणात परत टाकली.

"खलास," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"अजून तोच."

"आता तू शीक."

त्यांचा राग आला होता, तरी घरी येऊन मी सगळं सांगितलं. विलासने गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. सासरे सांगलीला परत या म्हणत होते. त्यांना तो म्हणाला, "तिथं मी सगळ्यांचा आजारी मुलगा होईन, अण्णा. इथं अजून कामाचा माणूस आहे."

गाडी शिकवणारा पठाण उस्ताद "यल्ला सिस्टर, चलो, डरो मत" म्हणत शेजारी बसायचा. मी नापास झाले, पुन्हा गेले, पुन्हा नापास झाले. शेवटी लायसन्स मिळालं, अल ऐनच्या शाळेत नोकरीही. सामान भरून निघालो तेव्हा गाडी मी चालवली. तपासणीच्या फेऱ्यांमुळे तिथले राउंडअबाउट विलासला पाठ होते. तो सांगत गेला, मी वळत गेले.

आता त्याचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. ड्राफ्ट्समनचं काम सुटलं; तो घरी शिकवणीच्या मुलांना गणित शिकवतो, तोंडी. इथं खुर्चीसुद्धा कुणी जागची हलवत नाही, पाहुणे आले तरी नाही. दिवा लावायच्या आधीच तो स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकून येतो, कुठे न अडखळता.

सासूबाई फोनवर विचारतात, घरी कधी येताय? मी सांगते, सुट्टीत सांगलीला येऊ. घरी येऊ असं म्हणत नाही. तेवढा शब्द मी इथल्यासाठी ठेवलाय.