वाफेवर चालणारे देवस्थळीकाका

फोन देवस्थळीकाकूंचा होता. एप्रिलमधला शनिवार, दुपारची वेळ. मी इथे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या घरात कपड्यांच्या घड्या घालत होते. "अगं, हे गेले," काकू म्हणाल्या. सकाळी चहा घेऊन खुर्चीत टेकले, डोळे मिटले, आणि... मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "आणि गाडीत पाणी तसंच आहे. आज इथे मिशिगनला बर्फ पडणार म्हणे. पाणी गोठून बॉयलर तडकला तर मी वर गेल्यावर हे पहिलं ते विचारतील. कुठला नळ सोडायचा ते सांग." मी रडत रडतच सांगितलं, सीटखाली डावीकडे पितळी चावी आहे, उलटी फिरवा. काकू रिसीव्हर तसाच ठेवून गॅरेजमध्ये गेल्या, पाणी काढून आल्या, आणि मग आम्ही दोघी फोनवर मनसोक्त रडलो. श्रीधर देवस्थळी गेल्याची बातमी मला कळली ती अशी.

काका मूळचे सांगलीचे. इंजिनियर होऊन अमेरिकेला आले आणि डेट्रॉइटच्या एका मोठ्या मोटार कंपनीत ब्रेकच्या विभागात चिकटले. "सगळं डेट्रॉइट गाड्या पळवतं, मी एकटा थांबवतो," असं ते नवीन माणसाला हमखास सांगायचे. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये त्यांच्यापासून तिसरं घर आमचं. एक्क्याऐंशी साली नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तिथे गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकूंनी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर काका मला म्हणाले, "चला, तुम्हाला आमची म्हातारी दाखवतो." मला वाटलं, आई भारतातून आल्या असतील. मी पदर सारखा करून नमस्काराच्या तयारीने निघाले, तर गॅरेजमध्ये टांग्याला चार सायकलची चाकं लावावीत तशी एक गाडी उभी होती.

ती टिलबरी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पेट्रोलचं राज्य यायच्या आधी, एझ्रा टिलबरी नावाच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने मिशिगनमधल्याच एका गावात वाफेच्या मोटारी बनवायला सुरुवात केली. सीटखाली बॉयलर, त्याखाली बर्नर. गिअर नाही, क्लच नाही, आवाज तर नाहीच. काही वर्षं गाडीचं फार नाव झालं आणि मग कंपनी बुडाली. काकांना ही गाडी एका शेतकऱ्याच्या कोठारात सापडली होती, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. सहा वर्षं खपून त्यांनी ती चालती केली आणि त्याचबरोबर टिलबरी कंपनीचा इतिहास लिहायला घेतला. त्यांचा सिद्धांत पक्का होता: यंत्र उत्तम होतं, पेट्रोलवाल्यांनी कट करून बिचाऱ्या टिलबरीचा गळा घोटला. हे ते पेट्रोलच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या कँटीनमध्ये बसून, तिथल्याच साहेबांना ऐकवत.

गाडी सुरू व्हायला पाऊण तास लागायचा. म्हणजे सहाच्या कार्यक्रमाला काका सव्वापाचला बर्नर पेटवणार, काकू पैठणी नेसून ड्राइव्हवेत उभ्या, आणि मुलगा निखिल खिडकीतून ओरडणार, "बाबा, कॅन वी प्लीज टेक द नॉर्मल कार?" एकदा वाफेचा इतका मोठा ढग उठला की समोरच्या बाईंनी अग्निशामक दलाला फोन केला. लाल बंब घंटा वाजवत आला, चार धिप्पाड जवान पाइप घेऊन उतरले आणि गाडी बघून तिथेच विरघळले. तासभर काका त्यांना बॉयलर समजावून सांगत होते आणि काकू चकल्या वाटत होत्या. त्यातल्या कॅप्टनने जाताना नम्रपणे विचारलं, "सर, मी जरा चालवून बघू?" काका म्हणाले, "नो."

हे 'नो' सगळ्यांना होतं. काकांच्या गाडीत बसायला जगाला मुभा होती, पण ती चालवायच्या दांड्याला हात लावायची कोणालाही नाही. निखिल सोळा वर्षांचा झाला, लायसन्स मिळालं, त्यालाही नाही. मी कॉम्प्युटरवाली, नवी यंत्रं शिकायची मला हौस. मीही मागे लागले, तर म्हणाले, "तुम्ही लोक बटण दाबता आणि विसरता. वाफेला विसरून चालत नाही." एका वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची मूर्ती आम्ही त्या गाडीतून शाळेच्या हॉलवर नेली. वाटेत पाणी संपलं म्हणून काका पेट्रोल पंपावर शिरले, पेट्रोल नको, फक्त पाणी द्या म्हणाले. पंपवाल्याने वाफ बघितली, मांडीवर गणपती घेतलेल्या काकूंकडे बघितलं आणि काही न विचारता पाण्याची नळी आणून दिली.

मग मिस टिलबरी सापडल्या. एझ्राची धाकटी मुलगी, नव्वदीची, तासाभरावरच्या एका वृद्धाश्रमात असल्याचं काकांना पत्रव्यवहारातून कळलं. काकांचा आनंद गगनात मावेना. त्यांच्या इतिहासाला आता घरचा साक्षीदार मिळाला होता. त्यांनी गाडी ट्रेलरवर चढवली, टेप रेकॉर्डर घेतला, आणि काकूंना नि मला बरोबर घेऊन रविवारी सकाळी निघाले. वृद्धाश्रमाच्या पार्किंगमध्ये गाडी उतरवून बर्नर पेटवला, तोवर नर्सने मिस टिलबरींना चाकांच्या खुर्चीतून बाहेर आणलं. छोट्याशा, ताठ, डोक्यावर लोकरीची टोपी.

काकांनी रेकॉर्डर सुरू केला आणि अदबीने विचारलं, "तुमच्या वडिलांविरुद्ध पेट्रोलवाल्यांनी नेमका काय कट केला?"

"कसला कट?" म्हातारी म्हणाली. "माझा बाप हट्टी होता."

आणि त्या सांगू लागल्या. एझ्रा टिलबरी गिऱ्हाइकाची तोंडी परीक्षा घ्यायचा. नापास झाला तर गाडी विकायचा नाही. विकली तरी दर महिन्याला अचानक त्याच्या घरी जाऊन तपासणी करायचा, आणि बॉयलरमध्ये गढूळ पाणी दिसलं की गाडी काढून घेऊन परत यायचा. एकदा तर गावच्या महापौराची गाडी त्याने महापौर प्रार्थनेला चर्चमध्ये असताना बाहेरून पळवून आणली. "शेवटी अंगणात गाड्याच गाड्या होत्या," त्या म्हणाल्या, "आणि त्या चालवायच्या लायकीचा माणूस त्यांच्या मते एकच होता."

काकांचा चेहरा बघवत नव्हता. दहा वर्षांचा सिद्धांत त्या म्हातारीने दहा मिनिटांत मोडीत काढला होता. काकू मात्र गाडीत बसल्या बसल्या पदराआड हसत होत्या. न राहवून म्हणाल्या, "अहो, हा तर अगदी तुमच्यासारखाच की!"

काकांनी रेकॉर्डर बंद केला. बॉयलर तेवढा सूं सूं करत होता. मिस टिलबरींनी हात पुढे करून गाडीच्या पितळी दिव्यावरून बोट फिरवलं. "मला त्यांनी एकदाही चालवू दिली नाही," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षांची असल्यापासून विचारत होते. म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात."

काकांनी हातमोजे काढले आणि त्या बाईंच्या हातात घातले. "काकूंना खाली उतरवा," ते मला म्हणाले. बायकोला 'काकू' म्हणताना मी त्यांना त्या एकाच दिवशी ऐकलं, इतके ते गडबडले होते. नर्स "नो, नो, नो" करत असताना आम्ही तिघांनी मिस टिलबरींना उचलून दांड्याशी बसवलं. काका शेजारी बसले आणि गाडी निघाली. आवाज काहीच नाही, फक्त मागे पांढरी शेपटी. पार्किंगला दोन फेऱ्या झाल्या, मग तिसरी. नर्स मागून धावत होती, खिडक्यांतून म्हातारे टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या फेरीत बाईंनी वेग वाढवला आणि देवस्थळीकाका, हयातभर ब्रेकवर पोट भरलेला माणूस, किंचाळले, "स्लो! स्लो!" म्हातारी मान मागे टाकून हसत होती.

पुढच्या रविवारी काकांनी इतिहासाचं शेवटचं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं, आणि संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभे राहिले. "यायचंय का शिकायला?" मी शिकले. निखिल शिकला. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्र मंडळातली निम्मी मंडळी शिकली. काका शेजारी बसून इतके घाबरायचे, की त्यांनाच धीर द्यावा लागे. बंबाचे कॅप्टनही येऊन शिकून गेले. पुढे आम्ही न्यू जर्सीला आलो, तरी दिवाळीच्या पत्रात काका नव्या शिष्यांची यादी पाठवत.

मागच्या आठवड्यात मी ट्रॉयला गेले. गाडीचं काय करायचं ते ठरवायचं होतं. एका संग्रहालयाने मागितली आहे, निखिल म्हणतो, "आई, इट्स युअर कॉल." काकू म्हणाल्या, "आधी चालते का ते तरी बघू." आम्ही पाणी भरलं, बर्नर पेटवला, पाऊण तास पायरीवर बसून चहा घेतला. मी त्यांना चालवायचा आग्रह केला, तर म्हणाल्या, "मी चालवत नाही, चालवून घेते. बस तू." आणि त्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. मला वाटलं होतं, इतकी वर्षं त्या नुसत्याच शेजारी बसत असतील. पण त्यांची नजर वाफेच्या दाबाच्या काट्यावरून हलत नव्हती. "पाणी बघ... हं... थोडी वाफ धर... आता सोड." मी दांडा पुढे केला. गाडी एकदा थरथरली आणि अलगद रस्त्यावर आली. कोपऱ्यावर वळताना काकूंनी पदर सावरला आणि समोर बघत हळूच म्हणाल्या, "बघा, चालली."

मला त्या कायम 'अगं, बघ' म्हणतात; 'बघा' फक्त काकांना. मी गाडी सरळ पुढे घेतली.