पुंडलिक काकांचं फिनिशिंग

पुंडलिक काका स्वस्थ बसलेत असं मी फक्त जेवणाच्या वेळी पाहिलंय. एरवी आमच्या गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू. माझं शिलाई मशीन दारातच. प्रत्येक फेरीला ते माझ्या जवळून जायचे आणि जाता जाता काहीतरी नीट करायचे. कॅलेंडर सरळ कर, चपला जोडीने लाव. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात माझ्या कापडावरची खडूची खूण पुसून त्यांनी दुसरी काढून ठेवली.

"काका, ब्लाउज कुणाचा, माप कुणाचं, ठाऊक हाय का तुम्हांला?" मी भडकले.

"रेघ वाकडी होती, शांते," म्हणाले आणि पुढे गेले. राग यावा की हसू, कळेना.

माणूस पेणचा. चाळीस वर्षं एकाच गणपतीच्या कारखान्यात गेली. अंग रंगवणारी पोरं वेगळी, दागिने काढणारी वेगळी, पण डोळ्यांची आखणी काकांची. डोळ्याच्या रेघेला दुरुस्ती नसते, ब्रश टेकला की टेकला. आणि पोरांनी काहीही केलेलं असो, त्यावर शेवटचा हात काकांचाच फिरायचा. त्याला ते फिनिशिंग म्हणत. काकू गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाने, जगनने, त्यांना पेणहून उचलून इथे, रोह्याजवळच्या अष्टमी गावात आणलं. जगन धाटावला कंपनीत, त्याची शिफ्ट चालू. सून मैना घरकामात. काकांच्या हातांना काही काम नाही, आणि असे हात घरात असले की घराला डोकेदुखी.

मग जूनमध्ये नात गिरजा बालवाडीत जायला लागली आणि काकांना काम सापडलं. चार वर्षांची पोर. ते तिला मांडीवर घ्यायचे, तिच्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवायचे आणि अ, आ, इ गिरवून घ्यायचे. तिने पाटीवर एकटीने काही काढलं की लगेच अंगठा ओला करून पुसायचे आणि गोलाई नीट करून द्यायचे. वहीत तर काय, रबर त्यांच्या मुठीतच असायचं. महिन्याभरात वही अशी झाली की गॅलरीतल्या बायका बघायला येत. "वा गो गिरजे," असं मीही म्हणाले. आता त्याची लाज वाटते.

बालवाडीच्या विमलबाईंनी मैनाला बोलावणं धाडलं. कौतुक ऐकायला मिळणार म्हणून काका धुतलेला सदरा घालून, वही काखेत घेऊन निघाले. मैनाने मलाही सोबत नेलं. विमलबाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. त्यांनी गिरजापुढे पाटी ठेवली, हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "अ काढ बघू."

गिरजाने खडू पाटीजवळ नेला आणि हात तसाच हवेत धरून बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हात धरा ना," ती म्हणाली.

"रोज हे असं," विमलबाई म्हणाल्या. "एकटीने काढ म्हटलं तर काढते आणि लगेच पुसून टाकते. का पुसलंस, तर म्हणते माझं घाण येतं. काका, पोर लिहीत नाय. तिच्या हाताने तुम्ही लिहिता. असंच चाललं तर ती पाटीला हात लावायची नाय."

येताना नदीवरच्या पुलावर काका झपाझपा पुढे जात, परत आमच्यापर्यंत येत, पुन्हा पुढे जात. "माझ्या हातचं काम आजवर परत आलेलं नाय!" असं नदीला ऐकवत होते. मैनाने सासऱ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"बाबा, ती गणपती नाय. आजपासून तिच्या पाटीला हात लावायचा नाय."

पुढचे चार दिवस काकांच्या फेऱ्या दुपटीने वाढल्या. गिरजा उंबऱ्यावर पाटी घेऊन बसायची. काढायची, पुसायची, काढायची, पुसायची. काका जवळून जाताना त्यांची बोटं उघडत-मिटत असायची. मला दोघांचंही बघवेना. पाचव्या दिवशी ते पिशवी भरून बाहेर आले.

"कारखान्यात सीझन हाय. गणपतीपर्यंत पेणला राहतो."

"पळताय," मी म्हणाले. मला राहवलंच नाही.

"व्हय," ते म्हणाले. "इथं थांबलो तर हात जातो, शांते. काय करू?"

गणपतीला दोन दिवस राहिले असतील. जगनने गॅलरीतली त्यांची भिंत निळ्या डिस्टेंपरने नुकतीच रंगवली होती. मैना बाजाराला रोह्यात गेलेली, गिरजा माझ्या ताब्यात. सणाचे तीन ब्लाउज अडकलेले, मी मान खाली घालून मशीन मारत होते. पोर फारच गप्प आहे हे ध्यानात येऊन वर बघते, तर खिडकीखालची सगळी भिंत खडूने भरलेली. सात-आठ अ. एकाचं पोट फुगलेलं, एकाचा काना भलतीकडेच, एक चक्क आडवा झोपलेला. आणि नेमके तेव्हाच काका पिशवी घेऊन जिना चढून वर आले.

आता गेली पोर, मला वाटलं.

गिरजाने त्यांना पाहिलं, झग्याचा घेर मुठीत गोळा केला आणि भिंत पुसायला हात वर नेला. काकांनी पिशवी टाकली आणि तिचं मनगट धरलं.

"पुसू नको."

चांगलं आलंय, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, पण वाकड्या रेघेला चांगलं म्हणायची सवय त्या तोंडाला कुठली? उलट दुसऱ्या हाताचा अंगठा ओला होऊन त्या आडव्या अ कडे निघालासुद्धा. जित्याची खोड! भिंत चार बोटांवर राहिली तेव्हा तो हात थांबला. काकांनी तो सदऱ्याच्या खिशात कोंबला.

"अजून एक काढ," ते म्हणाले.

"तू हात धर."

"नाय धरणार."

"घाण येईल."

"येऊ दे," काका म्हणाले.

गिरजाने खडू या हातातून त्या हातात घेतला. काढ गो बाई, काढ एकदाची, मी मनात म्हणत होते. मग ती भिंतीकडे वळली. पहिलीच गोलाई बाजूला पळाली, तिच्याबरोबर काकांचा खांदाही पळाला. दुसरी त्याहून वाईट. काका वाकत वाकत इतके पुढे गेले की भिंतीवर त्यांचीच सावली पडली.

"आजोबा, सरक ना," गिरजा मागे न बघता म्हणाली. "मला दिसत नाय."

काका सरकले.