‘तिले बोलाव’ म्हणणारी कौसल्याकाकू

आमच्या घरात तेव्हा खोली एकच होती आणि खाटही एकच. त्या खाटेवर बाबा असायचे. ते रेल्वेत खलाशी होते. मी बारावीत असताना त्यांना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. मग आई पापड लाटू लागली. उडदाचं पीठ रायपूरच्या गोल बाजारातल्या दुकानातून यायचं आणि पापड होऊन तिकडेच परत जायचे. खोलीभर जुन्या लुगड्यांवर पापड वाळत घातलेले असायचे, पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून मी आणि धाकटी बहीण बाबांच्या खाटेखाली शिरून अभ्यास करायचो. अशा घरातून मी बी.एस्सी.ला गेले हे मी आजही छाती फुगवून सांगते. आईकडून असो की बाबांकडून, आमच्या घराण्यात त्याआधी कॉलेजचं फाटक कोणी आतून पाहिलं नव्हतं. ते फाटक मधेच एकदा माझ्यासाठी बंद झालं. ज्या बाईमुळे बंद झालं आणि जिनं ते स्वतः उघडून दिलं, ती कौसल्याकाकू दीड महिन्यापूर्वी गेली.

मी धमतरीच्या एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. “कौसल्याबाई गेली वो. सकाळी मशीनवर बसली होती, तिथंच…” व्हरांड्यात मुली डबे उघडून बसल्या होत्या, एक दुसरीच्या डब्यात डोकावून काहीतरी म्हणत होती आणि दोघी हसत होत्या. मी तिथंच उभी राहिले, घंटा झाली तरी.

काकू आमची कोणी नात्याची नव्हती. पुरानी बस्तीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं घर, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. ती वर्ध्याकडची, आम्ही भंडाऱ्याकडचे. पण रायपुरात आल्यावर मराठी बोलणारी बाई दिसली की ती काकू नाहीतर मावशी होऊनच जाते. गल्लीतल्या सगळ्या बायांचे ब्लाउज आणि पोरींचे सूट तीच शिवायची. हात असा की अंगावर बसलेलं कापड वेगळं कळायचं नाही. जीभही तशीच. माप घेता घेता बोलायची, “कंबर पहाय तुझी, टेपच पुरून नाही राहिला.” बाया हसायच्या, चिडायच्या, आणि पुढच्या सणाला पुन्हा तिच्याकडेच यायच्या.

चैत्रात ऊन तापलं की आमच्याकडे पापडांची पाळी लागते. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. जिच्या घरचे पापड तिनं लाट्या करून ठेवायच्या, बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. दहा-अकरा बाया गोल करून बसल्या की हात आपोआप चालतात, आणि तोंडं रिकामी राहतात. मग जी आलेली नसते तिचा विषय निघतो. कोणाची सून माहेरीच काहून राहून राहिली, कोणाच्या पोट्टीनं भुवया कोरल्या, कोण नवऱ्याच्या आधी जेवते. खोटं काहून बोलू, लहानपणी मला ते ऐकायला फार आवडायचं. पिठाचा गोळा चोरून खात मी आईच्या मागे बसायचे. त्या गोलात कधी माझंही नाव निघेल असं वाटलं नव्हतं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका दुपारी काकू पापडांच्या गोलात बसली आणि म्हणाली, “आज चौकात एक पोट्टी पाहिली. तोंडाले स्कार्फ बांधून, पोट्ट्याच्या मागे गाडीवर. तोंड नाही दिसलं, पण सूट माझ्या हातचा होता. पोपटी, मागच्या गळ्याले डोरी. माझी शिलाई मले नाही कळत काय?” तिनं माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. पोपटी सूट सगळ्या गल्लीला ठाऊक होता, कारण बाबा आजारी पडल्यावर मला झालेला तो पहिलाच नवा कपडा होता. आई त्या दिवशी गोलात नव्हती, बाबांना घेऊन दवाखान्यात गेली होती. दोन दिवसांनी नळावर तिनं ते ऐकलं. तोवर त्याचं गाणंच झालं होतं… “बाप खाटेवर न् पोट्टी फटफटीवर.” कोणी रचलं ते आजवर कळलं नाही. ज्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून आई बाबांच्या आजारपणात रडली होती, त्यांच्यातलीच कोणीतरी असणार.

आईनं मला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. इतकंच म्हणाली, “उद्यापासून जाऊ नको.” मी म्हटलं, आई, मी नव्हते ती, मी तर प्रॅक्टिकलला होते. ती म्हणाली, “तू नव्हती हे मले माहीत आहे. पण मी कोणाकोणाले सांगत फिरू?” बाबा खाटेवरून काहीतरी बोलायला पाहत होते, लकव्यानं शब्द फुटत नव्हते. मी वह्या पेटीत ठेवल्या आणि आईसमोर पोळपाट घेऊन बसले. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख तीन आठवड्यांवर होती. ती मी कोणाला सांगितली नाही, पण रोज सकाळी उठल्यावर किती दिवस उरले ते मनात येऊन जायचंच.

दोन आठवडे गेले. एका दुपारी काकू आमच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला. आईशी बोलली नाही, सरळ मला म्हणाली, “तुझा पोपटी सूट आण.” मला वाटलं, आता हिला तो फाडायचा आहे की काय. पण मी दिला. नंतर कळलं ते असं. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली एक मुलगी तिच्याकडे आपला सूट ढिला करून घ्यायला आली होती. पोपटी, मागच्या गळ्याला डोरी. आपण एकाच थानातून, एकाच ताग्यातून, दोन सूट कापले होते हे काकू विसरूनच गेली होती. त्या मुलीचा शिवून उरलेल्या कापडातच माझा सूट बसवला होता, आमचे दिवस वाईट म्हणून. मुलीला गाडीवर घेऊन आलेला पोरगा बाहेर उभा होता. तिचा सख्खा भाऊ. काकूला तो दिसताच ओळखू आला, चौकात पाहिलेला तोच.

काकू दोन्ही सूट घेऊन निघाली, मला हाताला धरून. त्या दिवशी गल्लीतल्या ठाकूरबाईंकडे पापड होते. सगळ्या बसलेल्या. काकूनं दोन्ही सूट पापडांच्या शेजारी जमिनीवर पसरले आणि म्हणाली, “हे दोन. दोन्ही माझेच. मी पाहिली ते ही पोट्टी नव्हती. मी चुकीचं बोलली, तुमच्या सगळ्यांसमोर बोलली, म्हणून सगळ्यांसमोरच सांगून राहिली.” लाटणी थांबली. मग ठाकूरबाई म्हणाल्या, “जाने दो ना काकू, हो गया सो हो गया.” काकू म्हणाली, “तुमच्यासाठी झालं. हिचं कॉलेज गेलं ना.” एकीनं हळूच म्हटलं, “पण ते दुसरी तर बसलीच होती ना कोणाच्या मागे.” काकू तिच्याकडे वळली. “बसली. भाऊ होता. न् भाऊ नसता तरी आपल्या पोळपाटावर तिचं काय काम होतं?”

तिथं ज्या नव्हत्या त्यांच्या घरी ती संध्याकाळपर्यंत फिरली. मला प्रत्येक दारात उभं केलं. मला लाज वाटत होती, पाय दुखत होते. तिचेही दुखत असणार, तिला तेव्हाच गुडघ्यांचा त्रास सुरू झाला होता. एका दारात तर आतून कोणी बाहेरच येईना, तर ती पायरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती आईला आणि मला घेऊन कॉलेजात गेली. हजेरी कमी पडली होती, अर्ज द्यायचा होता. मी कारण लिहिलं, ‘घरगुती अडचण’. काकूनं विचारलं काय लिहिलं, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “असं नको. लिही, गल्लीतल्या बाईनं खोटी बदनामी केली, बाईचं नाव कौसल्या.” आई पहिल्यांदा हसली तेव्हा… पदर तोंडाला लावून, किती तरी दिवसांनी.

एक गोष्ट मी काकूला बऱ्याच वर्षांनी सांगितली. त्या दिवशी गाडीवर मी नव्हते हे खरं, पण त्याआधी दोनदा मी वर्गातल्या एका पोरासोबत गाडीवर आले होते, स्कार्फ बांधूनच. काकू मशीनवर होती. पाय थांबला. बराच वेळ ती सुईत दोरा ओवत राहिली, दोरा ओवलेला असतानाही. मग म्हणाली, “बरं झालं तवा नाही सांगितलं. मी माफी मागितलीच नसती.” आणि पुढे, “न् ते बदनामीहून मोठं पाप झालं असतं.” शिकलेल्या कितीतरी बायकांना मी हा फरक समजावून थकते. खरी चूक माणूस ओळखण्यात नव्हती, तोंड उघडण्यात होती, हे चौथी शिकलेल्या काकूला कळलं होतं.

त्या वर्षापासून तिनं गोलात एक नियम आणला. जी समोर नाही तिचं नाव निघालं की काकू लाटणं ठेवायची आणि म्हणायची, “तिले बोलाव.” जिनं विषय काढला तिनंच उठून बोलावून आणायचं, आणि मग तिच्यासमोर बोलायचं. सुरुवातीला बायांना भारी राग आला. पापडच लाटायला येणार नाही म्हणाल्या. आल्या, कारण पापड तर लाटायचेच होते. पण बोलावून आणायला कोण उठतं? विषयच गळून पडायचे. ठाकूरबाई म्हणायच्या, “काकू के कानून से पापड़ जल्दी बनते हैं.” काकू काही संत झाली नव्हती. टोमणे तिचे चालूच राहिले, पण तोंडावर. मी केस कापले तेव्हा म्हणाली, “कापले तर कापले, आता मान तरी ताठ ठेव, नाहीतर चोरासारखी दिसून राहिली.”

मग गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि बायकांची तोंडं तिथं उघडली. कोणाच्या तरी पोरीचा गोव्याचा फोटो फिरला, खाली हसणारी चित्रं आली. काकूला टाइप करता येत नव्हतं. तिनं आवाज रेकॉर्ड करून टाकला, “आधी त्या पोट्टीले ग्रुपमध्ये घ्या. मग हसा.” दोन मिनिटांत फोटो गायब झाला.

काकूचीही जीभ घसरायची. तिची सून छत्तीसगढी, ब्युटी पार्लर चालवणारी, हिंदीत उत्तर देणारी. मला फोन करून काकू तक्रार सांगायला लागायची, आणि अर्ध्यात स्वतःच थांबायची. “थांब. तिले बोलावलं पाहिजे.” मग फोन स्पीकरवर, आणि सासू-सून दोघी माझ्यासमोर भांडायच्या. सून म्हणायची, “दीदी, आप ही बताओ.” मी कोणाच्याच बाजूनं बोलायचे नाही. माझी तेवढी हिंमत नव्हती.

काकूच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेले. वंदना झाली, भोजनदान झालं, बाया पुढच्या खोलीत मशीनला टेकून बसल्या. सून आत भांडी लावत होती. कोणीतरी दबक्या आवाजात सुरू केलं, “छातीत चार दिवसांपासून दुखत होतं म्हणतात. सुनेनं दाखवलं नाही. पार्लर सोडून कोण नेणार…” दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मी काकूच्या खुर्चीकडे पाहिलं आणि गप्प राहिले. विज्ञान शिकवणारी मी, गप्प राहिले. उठली ती आई. माझी आई, जिनं नळावर ते गाणं ऐकूनही एक शब्द काढला नव्हता. गुडघ्यावर हात टेकून उठली, आतल्या दारापाशी गेली आणि म्हणाली, “सूनबाई, बाहेर ये. तुझं नाव निघालं.”

सून ओल्या हातांनी आली. काय विचारायचं आहे ते कोणालाच विचारता येईना, तर आईनंच विचारलं. सूनबाई म्हणाली, “दो बार डॉक्टर के पास ले गई थी. भर्ती होने को बोले. अम्मा नहीं मानी, बोली एक दुल्हन का ब्लाउज बाकी है.” तिनं मशीनचं झाकण उचलून दाखवलं. लाल ब्लाउज होता, एक बाही लागलेली, दुसरी टाचणीवर. ज्या बाईनं विषय काढला होता ती उठली, सुनेच्या हातातलं फडकं घेतलं आणि आत भांड्यांकडे गेली. ती बाही आईनं दुसऱ्या दिवशी हातशिलाईनं लावली आणि ब्लाउज नवरीच्या घरी पोचता केला.

माझं कॉलेज सुटलं होतं त्या वर्षी, शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी माझा फॉर्म भरला गेला. मी पास झाले, पुढच्या वर्षी पदवी घेतली, आमच्या घराण्यातली पहिली. माझ्यानंतर बहीण शिकली, ठाकूरबाईंच्या दोन्ही मुली शिकल्या. आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या एकाही पोरीचं कॉलेज बायकांच्या बोलण्यावरून सुटलेलं नाही.