भाचीच्या पाया पडणारे मामा

नरहरीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. आईला भाऊच नाही. वर्ध्याहून छत्तीसगडात, उरला इथल्या लोखंडाच्या कारखान्यात आलेले हे गृहस्थ बीरगावात आमच्या शेजारच्या खोलीत राहिले, आईनं त्यांना राखी बांधली. मी लहान असतानाच बाबा गेले आणि माझी शाळा, सायकल, ताप-खोकला सगळं मामांच्या गळ्यात पडलं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. ते खातं माझ्याकडे होतं.

छत्तीसगडात मामा भाचरांच्या पाया पडतो. कौसल्या इथली लेक, म्हणून राम सगळ्यांचा भाचा, असं इथले लोक सांगतात. मामांनी हा रिवाज असा उचलला की दर दिवाळीला मी वाकायच्या आत ते वाकलेले असत. अमरावतीचे काका ते पाहून कपाळाला हात लावत. मराठी माणसात हे उलटं असतं, हे मामांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना हेच आवडायचं.

‘मामा’ या शब्दाचं मला तेव्हा काही विशेष वाटायचं नाही. समोरचं तेलुगू कुटुंब सासऱ्यालाही मामाच म्हणे, एवढीच काय ती गंमत. मग डॉक्टरकी शिकायला मी जॉर्जियात गेले. तिथं घरमालकिणीची मुलगी रोज संध्याकाळी ‘मामा, मामा’ करत दाराकडे धावायची, आणि दारात तिचा बाप उभा असायचा. तिथं बापाला मामा म्हणतात. वर्गातली केनियाची मैत्रीण म्हणाली, आमच्या स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आमच्या एका बाईंचं म्हणणं, हा शब्द मुळात बाळांचाच. मिटलेले ओठ उघडले की आपसूक निघतो आणि जो समोर असेल त्याला चिकटतो. मी हे सगळं फोनवर मामांना सांगितलं. त्यांनी फक्त मी जेवले का ते विचारलं. फोन ठेवून मी पोटभर रडले.

यंदा अनिमेषशी माझं लग्न ठरलं. काकांनी मामांना बाजूला घेऊन बजावलं, की भाचीमागं खुशाल उभे राहा, पण भर मांडवात पोरीच्या पाया पडू नका, वरपक्ष पुण्याचा आहे, हसतील. मामा हो म्हणाले. ऐन मुहूर्ताला भटजींनी मामांना बोलवा म्हटलं, तर मामांचा पत्ता नाही. ते मागं आचाऱ्याजवळ सापडले. पाया न पडता उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं आणि आमचं हसं होऊ द्यायचं नव्हतं.

माझा पारा चढला. शालू सावरत मीच तिकडे गेले. मामा नजर चुकवत म्हणाले, “तू जाय पोट्टे, मी पंगतीचं पाहून राहिलो. आपल्यापायी कोनी तुले हसाले नको.”

बीरगावच्या बायांनी सकाळीच माझ्या पायांना लाल माहुर, म्हणजे आपला अळता, लावला होता. ते पाय मी पुढं केले.

“मामा, आधी हे. त्याशिवाय मी मांडवात जात नाही.”

मागं काका येऊन थांबले होते. त्यांच्याकडे मी पाहिलंही नाही. हा माणूस जन्मभर माझ्यापुढं वाकला, म्हणून मला कुणापुढं वाकावं लागलं नाही. त्याची लाज मला वाटणार होती का? मामांनी पंच्याला हात पुसले आणि ते वाकले. त्याच क्षणी मीही वाकले, त्यांच्या पायांशी. दोघांची डोकी अशी आपटली की माझी मुंडावळी तुटून खाली पडली.

“लागलं काय वं?” मामांनी विचारलं.

मी हो म्हटलं. डोळ्यांतल्या पाण्याला काहीतरी कारण हवंच होतं. त्यांनी माझं कपाळ चोळलं, मुंडावळी गाठ मारून पुन्हा बांधली आणि माझा हात धरून मला मांडवात नेलं.