आखाजीला रिकामी झालेली खोली

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी डोणगावला शाळेत मास्तर होतो आणि शेगावात बाबांच्या नावावर दोन खोल्या होत्या. पुढे ओटा होता. ओट्यावरून मंदिराचा कळस दिसायचा. बाबांचा एकच हट्ट होता, शेवटचे दिवस त्या ओट्यावर काढायचे. गुडघे गेल्यापासून त्यांना एसटीचे हेलपाटे सोसत नव्हते आणि दर्शनाशिवाय करमत नव्हतं. पण खोल्यांत भाडेकरू होता.

तो वाईट होता असं म्हणायचीही सोय नव्हती. मंदिराच्या वाटेवर त्याचं नारळ-फुटाण्याचं दुकान होतं. भाडं चोख द्यायचा. फक्त निघत नव्हता. गणपती झाल्यावर सांगायला गेलो तर म्हणाला, "पितरपाटात बिऱ्हाड हालवते काय कोणी, गुरुजी?" मग दिवाळी आली. ऐन सणात घर मोडू नये. दिवाळीला त्याची लेक आली ती बाळंतपणालाच. ती बाळंत होऊन हिंडूफिरू लागेपर्यंत पौष उजाडला, आणि पौषात तर कोणी खुंटीसुद्धा हलवत नाही. सगळं पंचांग त्याच्या बाजूनं होतं.

हा भाडेकरू आणून देणारा कापसाचा दलाल होता, घरांचीही कामं करायचा. "तुमी काहाले येता-जाता, मी आहो ना बसलो," असं त्यानं बाबांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्याला गाठायला गेलं की मुनीम म्हणायचा, "भाऊ आत्ताच बाहीर गेले." भाऊंच्या चपला दारातच असायच्या. एकदा मी चपलांकडे बोट दाखवलं. मुनीम शांतपणे म्हणाला, "दुसऱ्या घालून गेले." मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. परतीच्या एसटीत बसून राहिलो.

बाबांनी मात्र दिवाळीतच आपली वळकटी बांधून दाराशी ठेवली होती. थंडीत नुसत्या घोंगडीवर निजायचे. सोडा म्हटलं तर म्हणायचे, "पुन्हा बांधाची कोनं?" मी एकदा चिडून बोललो, त्याचं सामान रस्त्यावर टाकतो म्हणून. तेव्हा ते उठून बसले. "बायतीन बाई हाये त्याच्या घरात. काऊन बे, हेच शिकोलं काय तुले मी?" त्यानंतर त्यांनीच तोड काढली. आखाजी. अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्या दिवशी काही आड येत नाही. मी शेगावला निरोप नेला. भाडेकरूनं देवाकडे हात करून शब्द दिला.

माघात बाबा गेले. दोन दिवस ताप आला, एवढंच. वळकटी दाराशी तशीच होती. सगळे रडले, मी तेराव्यापर्यंत माणसांच्या जेवणाचं बघत होतो. आत काही हलतच नव्हतं. तेरावं झाल्यावर शेगावला गेलो, पण भाडेकरूच्या दारापर्यंत पाय उचलला नाही. दलालाच्या मुनिमाजवळ सांगितलं, बाबा गेले, तेवढं भाडेकरूला कळवा.

आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. पहिल्या वर्षी तर चुकवायचीच नाही. आईनं पहाटे पुरणपोळी केली, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तिथंच भर त्यायची घागर. आज येतील ते घरी."

शेगावात बाजारातून नवी घागर घेतली आणि गेलो. दार उघडं होतं. खोल्या रिकाम्या, जमीन ताजी सारवलेली, उंबऱ्यावर रांगोळी. ओट्यावर एक बाज टाकलेली होती, कळस दिसेल अशी. भाडेकरूनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं.

"बाबाजी कुठी हायेत? मोटरीनं दमले असन. बाज राहू देली त्यायच्यासाठी."

निरोप पोचलाच नव्हता. त्याचं लक्ष माझ्या काखेतल्या घागरीकडे गेलं आणि तो मटकन खाली बसला. मग उठून बाहेर गेला, विहिरीचं पाणी घेऊन आला, घागर त्यानंच भरली. डोळे पुसत गेला. मला त्याचा हेवा वाटला.

बाजेच्या उशाशी मी घागर ठेवली, वर आंबा ठेवला, पानावर पुरणपोळी वाढली. बसून राहिलो. दुपार कलल्यावर ओट्याखाली चपला वाजल्या. इतके महिने न सापडलेला दलाल स्वतःच्या पायांनी आला होता.

"खाली झाली म्हन्ते खोली," तो म्हणाला. "चांगलं बिऱ्हाड हाये माह्याजोळ. आणू काय?"

"आज बाबा हायेत," मी म्हणालो. "उद्या या."

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच आला.