सॅव्हिओचं आमंत्रण सर्व्हरला पचलं नाही

कामणच्या गोदामात ऑफिस सांभाळत आयुष्य काढलं की किस्से भिवंडी रोडच्या धुळीसारखे अंगावर बसतात. झटकले तरी उरतात. शाळा माझी सातवीपर्यंत. टायपिंग आणि कॉम्प्युटर मी स्वतःच शिकले, कोणाचे उपकार नाहीत. ‘मावशीला काय कळतंय’ म्हणणाऱ्यांनी पुढचं वाचू नये. मोबाईलवर ईमेल नुकतं यायला लागलं होतं, तेव्हाचे हे किस्से.

* * *

मालक विनायकरावांनी एक नवा सर्व्हर बसवला. कॉम्प्युटरवर आलेलं मेल तो लगेच सगळ्यांच्या मोबाईलवर पोचवायचा. पहिल्याच आठवड्यात मालकांचं शेजारच्या केबिनमधून मला मेल आलं, ‘चहा पाठवा.’

मी उत्तर दिलं, ‘अटॅचमेंट जात नाही. उठून या.’

आले!

* * *

डिस्पॅचच्या सॅव्हिओचं लग्न ठरलं. माणूस पाचूबंदरचा, मासेमारीच्या घरातला. छापील पत्रिका घरोघरी वाटून झाल्या. ऑफिसला मात्र त्याने ईमेलने कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं. म्हणजे मोबाईलमध्ये तारीख आपोआप बसते. पार्टीची सुरुवात, रविवार संध्याकाळी सात. शेवट, रविवार पहाटे तीन.

आणि सगळ्यांचे मोबाईल गप्प! सर्व्हर चालू केला की तो पहिलं तेच आमंत्रण उचलायचा आणि तिथेच बसायचा. मागची सगळी मेलं त्याच्या पाठी अडकलेली.

“अरे, सुरू व्हायच्या आधीच संपवलंस की लग्न!” मी म्हटलं.

“मावशी, ती रात कोनाची? रविवारचीच ना! झोपून उठल्याशिवाय सोमवार कसा होनार?”

आमच्याकडे सगळे असंच धरतात. सर्व्हर आमच्याकडचा नव्हता.

* * *

अकाउंट्सच्या नाईकांना मालकांनी सांगितलं, ते आमंत्रण काढून टाका. नाईक शिस्तीचे. काढण्याआधी त्यांनी ते सगळ्या ऑफिसला फॉरवर्ड केलं. वर ठळक अक्षरांत सूचना: ‘हे मेल कोणीही उघडू नये.’

मूळ आमंत्रण काढलं, तरी सर्व्हर पुन्हा बसला.

“मी स्पष्ट लिहिलं होतं!” नाईक म्हणाले.

“आम्ही कुठे उघडलं? सर्व्हरने उघडलं. त्याला मेमो द्या!” मी म्हटलं.

* * *

इथवर हसण्यावारी होतं. पण मालक बाहेरगावी असताना दुबईच्या गिऱ्हाईकाने ऑर्डर बदलली, ते मेल मोबाईलवर पोचलंच नाही आणि कंटेनर नको तो माल घेऊन निघाला. मालक परत आले ते तापूनच, थेट सॅव्हिओच्या टेबलापाशी.

“मुद्दाम केलंस! उद्यापासून येऊ नकोस.”

लग्न तोंडावर, आणि नवरामुलगा बेकार! मी मध्ये पडले.

“एका लग्नाच्या आमंत्रणाने आडवा होतो तो सर्व्हर, आणि दोष याचा? याला काढणार असाल तर गोदामाच्या किल्ल्या या टेबलावर ठेवते.”

मालकांनी किल्ल्यांकडे पाहिलं. “बरं. खोट सॉफ्टवेअरची निघाली, तर राहील तो.”

सर्व्हरच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कुलकर्णीसाहेबांना फोन लावला. स्पीकर चालू.

“अशक्य! आमचं पूर्ण ऑफिस याच सॉफ्टवेअरवर चालतं. तुमच्याच माणसाने काहीतरी उद्योग केलाय.”

“ऐकलंत?” मालक मला म्हणाले.

“साहेब, आमंत्रण तुम्हाला पाठवू का?” मी विचारलं.

“खुशाल पाठवा. सगळ्या टीमला पाठवा!”

पाठवलं. सगळ्या टीमला.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मालकांनी कुलकर्ण्यांना दोन मेलं केली, त्यांनाही नाही. सॅव्हिओ आपलं टेबल आवरत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी लँडलाईन वाजली. मी स्पीकर चालू केला. मालक उभे, सॅव्हिओ उभा.

कुलकर्णीसाहेबांचा आवाज एकदम बारीक.

“मॅडम, लग्नाला आम्ही सगळे येतो. पण आमंत्रण परत पाठवू नका!”